पडद्याआड पुसलेले डोळे

मित्रांनो, दवाखान्याच्या वॉर्डात चाकांवर सरकणारा हिरव्या कापडाचा पडदा तुम्ही पाहिला असेल. तो मीच. आता जुना झालो आहे. एक चाक कुरकुरते, कापडाला ठिगळे लागली आहेत.

पुसदच्या वेल्डिंगच्या दुकानात फुलचंद नावाच्या कारागिराने लोखंडी नळ्या जोडून माझी चौकट केली. मग टेम्पोत बसून मी या दवाखान्यात आलो. कुणाची जखम धुवायची असली, कपडे बदलायचे असले, की मला पलंगाशी ओढतात. एक आजीबाई तर मला हात लावून म्हणाल्या होत्या, "तू हायेस म्हणून लाज राह्यली बाप्पा." त्या दिवशी मी फार सुखावलो.

पण माझ्या आडोशाला फक्त रुग्णच येत नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात बाभुळगावकडचे बळीराम नावाचे म्हातारे शेतकरी भरती झाले. बीपी आहे म्हणून घरच्यांनी त्यांच्या जेवणातले मीठच बंद केले होते, आणि ते तर दिवसभर उन्हात राबत होते. अंगातले मीठ इतके उतरले की त्यांना भ्रम झाला. वॉर्ड त्यांना आपले वावर वाटू लागला.

प्रियंका सिस्टर सलाईनची सुई नीट करायला वाकल्या. "हाड! हाड! डुकरं शिरले वावरात!" असे ओरडत बळीरामांनी हातातला स्टीलचा पेला त्यांच्या गालावर हाणला.

त्यांचा मुलगा रवी म्हणाला, "बुढा भानावर नाही न, मॅडम. तुम्हीच मनावर घेतलं तं कसं?"

सिस्टरनी सुई नीट केली, तिच्यावर पट्टी लावली आणि माझ्याआड येऊन डोळे पुसले. मागोमाग वॉर्डच्या मोठ्या सिस्टर इंदुताई आल्या. "जाय, तोंड धुऊन ये. इंजेक्शनं राह्यले अजून." वॉर्डातली ही जुनीच रीत. मार लागला तर तोंड धुवायचे आणि पुढच्या पलंगाकडे जायचे.

प्रियंका सिस्टर हलल्या नाहीत. त्यांनी माझी चौकट घट्ट धरली होती.

"ताई, मले नाही करायची आता ही नोकरी."

"एका पेल्यानं भेली का?" इंदुताईंनी हसवून पाहिले.

"पेल्याचं नाही. मागं एकानं मनगट पिरगाळलं, तेही सोसलं. पण आज मले त्या बाबाचा राग आला. वाटलं, आपणही एक ठेवून द्यावी. आजारी माणसाले! मी कायची सिस्टर? घरी पोरीनं हात वर केला तरी दचकते मी."

इंदुताईंनी बाही सरकवून दंडावरचा दातांचा वण दाखवला. "मलेही चावलता एक. रागही आलता. मले कोणी विचारलं नाही, आन् मीही कधी तुम्हा पोरींले विचारलं नाही. चुकलंच माह्यं. बस तू. इंजेक्शनं मी देते."

दुसऱ्या दिवशी प्रियंका सिस्टर येतील की नाही, याची मला धास्ती होती. त्या आल्या. भ्रमातल्या रुग्णाजवळ कुणी एकटीने जायचे नाही, असे इंदुताईंनी ठरवून टाकले होते.

हळूहळू बळीराम भानावर आले. "सिस्टर, गाल काहून सुजला तुमचा?"

"दार लागलं असंन, बाबा," रवी घाईघाईने म्हणाला.

"नाही बाबा. भ्रमात तुमचा पेला लागला. तुमचा दोष नाही. पण मले दुखलं," सिस्टर म्हणाल्या.

म्हाताऱ्याचे डोळे भरले. त्यांनी कापरा हात पुढे केला, तशा सिस्टर झटकन मागे सरकल्या. ते पाहून रवीची मान खाली गेली. "मॅडम," तो पुटपुटला, "आता सुई लावताना मले आवाज द्या. हात मी धरतो."

सिस्टर पुढे झाल्या. तो कापरा हात त्यांनी हाती घेतला आणि नाडी पाहू लागल्या.

मित्रांनो, दवाखान्यात जाल तेव्हा आपल्या माणसाची विचारपूस जरूर करा. मग पलंगाशी उभ्या असलेल्या सिस्टरलाही विचारा, "तुम्ही कशा आहात?" आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत थोडे थांबा.