गिळायचा घास

माझी डावीकडची खालची अक्कलदाढ आडवी उगवली होती. मद्दूरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाल्या, "ही सरळ निघायची नाही, कापूनच काढावी लागेल." मी कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करते. तिथे रजा मिळणं म्हणजे दाढ काढण्यापेक्षा अवघड. कशीबशी चार दिवसांची मिळवली आणि सोमवारी सकाळी दाढ काढून घेतली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याला, लिंगराजूला, सगळं समजावून सांगितलं. आज गरम काही नाही. थंड दही, आइस्क्रीम, गार पेज. चूळ भरायची नाही, नळीने काही ओढून प्यायचं नाही. उद्यापासून कोमट आणि मऊ. तिखट, कुरकुरीत, दाणेदार सगळं बंद.

"आणि भाकरी?" तोंडातला कापूस दाबत मी कसंबसं विचारलं.

"दोन आठवडे नावही काढू नका."

माझं माहेर उत्तर कर्नाटकातलं, कोप्पळकडचं. ज्वारीची कडक भाकरी नसेल तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच पंगतीत माझ्या पानात नाचणीचं मुद्दे पडलं, मुठीएवढा वाफाळता गोळा. मी घास तोडला आणि चावायला लागले. तो दातांना चिकटला, टाळूला चिकटला, जीभ हलेना. माझ्या सासूबाई चिक्कतायम्मा, त्यांना मी अत्ते म्हणते, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, चावतेस काय? मुद्दे गिळायचं असतं!" अख्खी पंगत हसली.

त्यानंतर मी मुद्देला हात लावला नाही. तीन वर्षं एका घरात दोन स्वयंपाक. मी माझ्या भाकऱ्या थापायची, अत्ते त्यांचं मुद्दे घोटायच्या. सुरुवातीला मी एक भाकरी त्यांच्या ताटात वाढायची. त्या न बोलता ती लिंगराजूच्या ताटात टाकायच्या. मग मीही वाढणं सोडलं. भांडण असं कधी झालं नाही. बोलणंही कामापुरतंच.

दाढ काढून घरी आले तेव्हा अत्ते पायरीवर पावटे सोलत बसल्या होत्या. माझा सुजलेला गाल पाहून म्हणाल्या, "अक्कलदाढ काढलीस? होती नव्हती ती अक्कल पण गेली म्हणायची." मला हसू आलं आणि टाके ओढले गेले.

पहिला दिवस दही आणि आइस्क्रीमवर काढला. दुसऱ्या दिवशी अत्तेंनी ताक घालून गार केलेली आंबील वाटीत आणून ठेवली आणि निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी लिंगराजूने हौसेने इडली आणून दुधात कुस्करली. तिचे कण टाक्यांपाशी जाऊन बसले. ते काढता काढता मी रडकुंडीला आले आणि उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

"पुरे झाले तुझे लाड," अत्ते लेकाला म्हणाल्या. "हो बाजूला. पोरीच्या पोटात काहीतरी जाऊ दे."

त्यांनी नेहमीपेक्षा सैल मुद्दे घोटलं. पावट्याचं सार बिनमिरचीचं केलं, दाणे गाळून काढले आणि दोन्ही कोमट होईपर्यंत थांबल्या. मग माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"तोंड उघड. एवढंच? बरं, पुरे."

त्यांनी बोराएवढा घास तोडला, सारात बुडवला आणि माझ्या हातावर ठेवला. "उजवीकडून आत घाल. दात विसरून जा. साराबरोबर आपोआप खाली उतरतं."

मी डोळे मिटून गिळला.

"गेला?"

"गेला."

"मग तीन वर्षं काय झालं होतं तुला?"

मी पुढच्या घासासाठी हात पुढे केला. अर्धा गोळा संपला. पोटात ऊब आली आणि त्या दुपारी मी पहिल्यांदा शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही समोरासमोर जेवायला बसलो. त्यांच्या सारात दाणे होते. पण त्या नुसतं सार घेत होत्या आणि दाणे ताटाच्या कडेला सारत होत्या. पावट्याच्या दिवसांत आमच्याकडे माणसं दुसरं काही खात नाहीत.

"अत्ते, दाणे का टाकताय?"

"आवडत नाहीत."

"काय सांगतेस अव्वा!" लिंगराजू म्हणाला. "पूर्वी माझ्या ताटातले उचलून खायचीस की."

अत्तेंची जीभ आतून गालाकडे गेली. चार दिवस मीही हेच करत होते, म्हणून मला ते दिसलं.

"तोंड उघडा बघू."

"का? तू कधी डॉक्टर झालीस?"

"उघडा म्हणते ना!"

उजवीकडच्या दोन दाढा पार पोखरलेल्या होत्या. डावीकडची एक नव्हतीच.

"कधीपासून हे?"

"तुझ्या लग्नाआधीपासून."

"म्हणून भाकरी..."

"मग काय हिरड्यांनी चावू? आणि सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मला त्या खुर्चीत नेऊन बसवलं असतं."

"मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला नको असतं."

"आणि मला वाटायचं, तू आमच्या मुद्देला नाक मुरडतेस."

"ते मात्र मुरडतच होते," मी म्हणाले.

अत्ते तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. लिंगराजू घास हातात धरून आमच्याकडे बघत राहिला.

टाके काढायच्या दिवशी मी त्यांना बरोबर नेलं. बसमध्ये त्या तीनदा म्हणाल्या, "मी नुसती सोबत येतेय हं." खुर्चीत बसल्यावर त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगड्यांचे वळ उठले. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी एक दाढ काढली आणि दुसरीसाठी पुढच्या महिन्यात बोलावलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना दहीच दिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आईच्या पद्धतीने ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील केली आणि कोमट करून वाटीत दिली. अत्तेंनी वास घेतला, एक घोट घेतला, थोडं थांबून दुसरा घेतला.

"नाचणीची सर नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या कर. ताक जरा जास्त घाल."