खरी ठरलेली चोरी

तुळसाचं भाणं गेलं ते भरदिवसा. न्हाणीत पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं, आईनं लग्नात दिलेलं. नवरा धोंडू बोटीवर खलाशी, ती स्वतः खळ्यावर भात झोडत होती, घराला कडी नुसती लावलेली. संध्याकाळी येऊन बघते तर चूल रिकामी.

पावस गावाच्या पलीकडच्या त्या वाडीत असं काही गेलं की पोलिसांत जायची रीत नव्हती. गाव नवलाई देवीच्या देवळात जमायचं, गुरव गाऱ्हाणं घालायचा आणि दोन-चार दिवसांत गेलेली वस्तू देवळाच्या पायरीवर येऊन बसायची. कोणी आणून ठेवली हे विचारायचं नाही. एकदा विचारलं की पुढच्या खेपेला वस्तू येणार नाही, हे पोरासोरांनाही कळत होतं. पोलीसपाटील आप्पा दर महिन्याला गुन्ह्यांच्या तक्त्यात ‘निरंक’ लिहून ठाण्यात धाडायचा. तिथून तो आकडा रत्नागिरीला जायचा, रत्नागिरीहून मुंबईला, आणि वर्षाअखेर त्याचं छापील पुस्तक निघायचं. पुस्तकात ही वाडी म्हणजे रामराज्य! साहेबलोक पानं उलटून खूश व्हायचे. गरिबाच्या घरातलं काय गेलं नि काय राहिलं, याच्याशी पुस्तकाला काडीचं देणंघेणं नव्हतं.

पण तुळसाला दम निघेना. मुंबईत चोरी झाली की माणूस चौकीत जाऊन लिहून देतो, असं धोंडूनं तिला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती खाडी ओलांडून ठाण्यात गेली. एरवी जमादारानं तिला दारातूनच हाकललं असतं. वर्ष संपत आलेलं, त्याच्या हद्दीत चोरीच्या रकान्यात शून्य, आणि त्या शून्याच्या जिवावर हा गडी बढतीची स्वप्नं बघत बसलेला. पण नेमका वरचा साहेब तपासणीला येऊन समोर बसला होता. फिर्याद लिहून घ्यावी लागली. लिहिताना जमादार तुळसाकडे असा बघत होता, जसं काही भाणं तिनंच त्याच्या घरातून उचललं होतं.

इकडे गावानं आपलं काम केलं. गुरवानं आवाज लावला, "बाय माजे, तुज्या लेकरांतल्या कोणाची बुद्धी फिरली असंल तर ती ठिकाणावर आण!" "व्हय महाराजा!" सगळे ओरडले. पुढे दोनच दिवसांत भाणं पायरीवर हजर. तुळसानं ते चिंचेनं घासून लखलखीत केलं नि चुलीवर चढवलं. ठाण्यात कळवायला हवं, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. देवीनं मिटवलेलं सरकारला कशाला सांगायचं?

आठवड्यानं जमादार आप्पा पाटलाला घेऊन दारात उभा राहिला. न्हाणीत डोकावला आणि हसला.

"हेच ना तुझं चोरीला गेलेलं भाणं?"

"व्हय. देवळात परत आलं."

"चालत आलं?"

"कोणीतरी आणून ठेवलं."

"कोणी?"

"ते विचारायचं नसतं, साहेब."

"आप्पा, ऐकलंत? चोर नाही, माल घरात, आणि बाई म्हणते चोरी झाली!" त्यानं तिथेच शेरा मारला, फिर्याद खोटी. खोट्या फिर्यादींचा रकाना वेगळा असतो, त्यांची बेरीज गुन्ह्यांत धरत नाहीत. जमादाराचं शून्य शाबूत राहिलं. आप्पानं मान खाली घातली. तेवढ्यानंही जमादाराचं भागलं नाही. खोटी फिर्याद केली म्हणून तुझ्यावर खटला का भरू नये, असं विचारणारं समन्स तुळसाच्या हातात पडलं. ज्या बाईचं घर लुटलं तीच आता तुरुंगात जायची!

ती घरोघर फिरली. "माज्यासाठी एवढं सांगा, भाणं गेलं होतं." लोक गहिवरले, पण कोणी हललं नाही. साक्ष दिली की पोलीस विचारणार, चोर कोण? मग सगळ्या वाडीला बडवून काढणार. त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून त्यांना शिव्या घालणं मला जमत नाही.

शेजारीण गोदूबाईकडे मात्र तुळसा गेलीच नाही. ती म्हातारी विधवा. दोघींच्या आवारांमधला दगडी गडगा कोणी किती सरकवला यावरून उन्हाळाभर त्यांनी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. गोदूबाईच गडग्यावरून ओरडली, "काय गो तुळशे, तुरुंगात चाललीस? जाताना कोंबड्या कोणाला देऊन जातेस?"

"तुज्या घशात घालते, म्हातारे!"

रत्नागिरीच्या कोर्टात तुळसा उभी राहिली. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "चोरी झाली याला साक्षीदार कोण?" जमादार मिशीवर हात फिरवत होता.

"मी हाय," दाराकडून आवाज आला. गोदूबाई! धापा टाकत, काठी टेकत पुढे आली.

"तू काय बघितलंस?"

"बघायचं काय त्यात? भाणं मीच उचललं. गडग्याचा राग होता. तांबटाला विकून हिला रडवणार होते. मग गाऱ्हाणं झालं, माजा जीव थाऱ्यावर राहीना, नेऊन ठेवलं पायरीवर." तिनं तुळसाकडे काठी रोखली. "ही बया भांडखोर हाय, तोंडाळ हाय. पण खोटारडी नाय. हिला सोडा."

तुळसावरचं बालंट तिथेच पुसलं गेलं. गोदूबाईवर गुन्हा लागला. वय झालेलं, पहिलीच चूक, म्हणून समज देऊन सोडलं. आणि जमादार? त्यानं बाहेर येऊन हिशेब मांडला: चोरी एक, उघडकीस एक, शाबीत एक, माल सगळा हस्तगत. असा सोन्यासारखा तक्ता जिल्ह्यात दुसरा नव्हता. त्याला शाबासकी मिळाली म्हणे. मिळू दे, मेल्याला.

परतीच्या होडीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या.

"काकी," तुळसा म्हणाली. उन्हाळ्यापासून तिनं हा शब्द तोंडातून काढला नव्हता. "तू आली नसतीस तर मी गेलेच होते गो."

"मग? आता मी सरकारी चोर झाले ना! कागदावर चढले."

"तू चढलीस म्हणून मी खरी ठरले. सख्खी बहीण असती तरी आली नसती."

"पुरे, पुरे. माणसं बघताहेत."

तुळसा उठली. होडी एका अंगाला कलली, नावाडी ओरडला, तरी ती वाकली.

"अगो, वेडी काय तू? चोराच्या पाया कोण पडतं?"

"मी पडते," तुळसा म्हणाली, आणि ज्यांना बघायचं होतं त्यांना बघू दिलं.