दुसरी सीडी

दुसरी सीडी डब्यात नव्हती, म्हणून पहिलीतला माणूस शैलजाबाईंच्या हॉलमध्ये येऊन बसला.

रविवारची दुपार होती. पद्माकर आरवाड्यांना जेवण झालं की मारामारीचा पिक्चर लागायचा, आणि सांगलीत बाळू कोष्टीच्या लायब्ररीतल्या हिंदी मारामाऱ्या त्यांनी कधीच संपवल्या होत्या. ‘‘कोरियन न्या काका. सूड हाय, एक नंबर,’’ असं म्हणत बाळूने हा त्यांच्या गळ्यात मारला. पहिल्या सीडीत त्या माणसाने भावाच्या खुनापायी तिघांना संपवलं. चौथा, म्हणजे खरा खुनी, नुसता पाठमोरा दिसला. क्रीम शर्ट, मागे गोल टक्कल, डावा खांदा उतरलेला. तो वळणार तेवढ्यात सीडी संपली आणि शैलजाबाई नेहमीसारख्या मध्यंतराचा चहा ठेवायला उठल्या.

चहा घेऊन बाहेर आल्या तर हा सोफ्यावर बसलेला. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली मासे कापायची सुरी. ज्या घरात कधी अंडं शिरलं नाही, त्या घरात! शैलजाबाईंना आधी त्याचाच राग आला. मग त्यांनी आत जाऊन तिसरा कप आणला, कारण आलेल्याला चहा द्यायचा नाही हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

पाहुण्याने दोन्ही हातांनी कप घेतला आणि काहीतरी बोलला. खाली, फरशीलगत, सबटायटलची पिवळी अक्षरं उमटली. ‘खुनी या घरात आहे. पण मी चेहरा बघितल्याशिवाय मारत नाही.’

‘‘मी काय केलंय?’’ पद्माकर म्हणाले. तेही फरशीवर उमटलं.

त्यांच्या अंगात क्रीम शर्ट होता. टक्कल आणि खांद्याचं तर शैलजाबाईंना कुणी सांगायला नको होतं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी पेपर घेऊन गॅलरीकडे जाणारी ती पाठ त्या बघत आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला डोळ्यांनी खूण केली, आणि पद्माकर शहाण्यासारखे भिंतीला पाठ चिकटवून बसले.

शैलजाबाईंनी दाराची कडी काढली. दारापलीकडे हाच हॉल होता, हाच सोफा, आणि पाहुण्याच्या कपातून वाफ निघत होती. त्यांनी दार लावून घेतलं. पडद्यावर वरखाली काळे पट्टे असतात, तसे आता खोलीलाही आले होते. वरच्या पट्ट्यात पंखा गेला, मग ट्यूबलाइट, मग महावीरांचा फोटो. खालच्यात पाय घोट्यापर्यंत बुडाले. शैलजाबाईंना वाकून चालावं लागायला लागलं.

फोन मात्र लागत होता.

‘‘काकू, दुसरी सीडी भलत्याच कव्हरात गेलीया बघा,’’ बाळू म्हणाला. ‘‘गावली की आणून टाकतो.’’

‘‘नको आणू रे बाबा.’’

‘‘असं कसं? मग पिक्चर संपायचा कसा?’’

पाहुण्याने मान डोलावली. त्यालाही ते पटलं होतं.

वरचा पट्टा खांद्यापर्यंत आला तेव्हा दाराखालून सीडी आत सरकली. पाहुण्याने ती उचलली, पण स्वतः लावली नाही. घर दुसऱ्याचं होतं. दोन्ही हातांनी त्याने ती शैलजाबाईंना दिली.

तिच्यात कोण वळणार होतं, कुणास ठाऊक. कदाचित कुणी परका असता आणि सगळं तिथंच मिटलं असतं. पण शैलजाबाईंना तो धोका घ्यायचा नव्हता. नवरा चिडका होता, घोरायचा, चहात साखर कमी म्हणून रोज कटकट करायचा, आणि त्याच्याशिवाय या खोलीत त्यांना एक क्षणही राहायचं नव्हतं. त्यांनी टीव्हीकडे वळता वळता ती सीडी साडीत, कमरेला खोचली आणि टीव्हीवर कायम पडून असलेली दुसरीच लावली. जयसिंगपूरचं, नणंदेच्या मुलीचं लग्न. घरी कुणीही आलं की ती लागायचीच. तिच्यात हळद होती, वरात होती, सनई होती. खून कुठेच नव्हता.

सनई सुरू झाली. पाहुणा पुढे सरकून बघू लागला. नवरी आली, नवरदेव आला, करवल्या आल्या. वरचा पट्टा खाली यायचा थांबला. मग पंगत बसली आणि कॅमेरा बुंदीची बादली घेतलेल्या एका माणसाच्या मागे मागे निघाला.

पद्माकरांचा चेहरा उजळला. त्या सीडीत ते एवढेच होते, आणि या जागेवर ते कधीच गप्प बसले नव्हते.

‘‘शैला, हा बघ मी!’’

ते उठले. वाकत, काळ्यातून पाय उचलत ते टीव्हीपाशी गेले आणि बोट लावून दाखवू लागले. पडद्यावर आणि खोलीत, दोन्हीकडे तीच पाठ होती. क्रीम शर्ट, टक्कल, उतरलेला खांदा.

फरशीलगत अक्षरं उमटली. ‘हा बघ मी.’ ती पुसली गेली नाहीत.

शैलजाबाईंनी कमरेची सीडी ओढून काढली. वाकून वाकून तिचे दोन तुकडे झाले होते.

‘‘अहो, बसा ना खाली,’’ त्या म्हणाल्या.

पाहुण्याने कप बशीत ठेवला, वर्तमानपत्र उलगडलं आणि नीट चौकोनी घडी करून ते बाजूला ठेवलं. पडद्यावर कुणीतरी ‘भाऊजी, इकडं बघा’ अशी हाक मारली, आणि बुंदीची बादली हातात घेऊन पद्माकर हसत वळायला लागले.