भिंगरीचे अपूर्णांक आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. म्हातारा म्हणालात तरी चालेल, पण कुणी 'डबा' म्हटलं की माझं डोकंच तापतं.

कारखान्यात माझे भाग जुळले आणि एका कचेरीत हिशेब करण्यात सगळं तारुण्य गेलं. तिथे नवे संगणक आले, तेव्हा तिथल्या कारकुनाने मला घरी आणलं. त्याची मुलगी भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ! पण जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला, प्लास्टर चढलं आणि शाळा बुडायला लागली. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. गणितात नापास झाली असती, तर मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि ही एकटी मागे.

मग तिच्या बाबांनी माझ्यात गणिताचे धडे भरले आणि मीच तिची शाळा झालो. एकच धडा ती पुन्हा पुन्हा लावायची. मी कधी डोळे वटारले नाहीत. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवायचो. आई म्हणायची, "शाळेपेक्षा हाच बरा बाई!" मी नुसता फुलून जायचो.

एके दिवशी वर्गातली बडबडी तिला भेटायला आली.

"अपूर्णांक शिकवून झाले गं, पण मला काही कळलं नाही. सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटते."

"सोप्पं आहे! वरचे आकडे सारखे असले, तर ज्याचा खालचा आकडा मोठा तो लहान."

"पण का?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मला टाळ्या येत होत्या, 'का' येत नव्हतं. त्यात नेमकी वीज गेली!

भिंगरीने रद्दीतला कागद ओढला आणि टराटरा फाडला. "हे बघ, एक कागद चौघींत वाटला. आता तेवढाच आठजणींत वाटला तर?"

"तुकडा बारीक होणार! अगं, म्हणून होय!"

"म्हणून होय!" भिंगरीही ओरडली, कारण तिलाही ते आत्ताच कळलं होतं. दोघी इतक्या खिदळल्या की आई धावत आली. माझा पडदा काळा होता, तरी मला सगळं ऐकू आलं. कसं, ते विचारू नका. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

मग बडबडी रोज येऊ लागली. मी शिकवायचो, त्या 'का, का' करत एकमेकींशी भांडायच्या. दोघी पास झाल्या आणि हातात हात घालून नव्या वर्गात गेल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ जमेल तशी पुसा. पण माझ्यापुढे बसाल तेव्हा शेजारी आणखी एक खुर्ची ठेवा, आणि ती रिकामी राहू देऊ नका.