समुद्राच्या तळाशी एक रिकामा गोळा

मित्रांनो, मी एक काँक्रीटचा गोळा आहे. घराएवढा मोठा, आतून पोकळ आणि आता बऱ्यापैकी जुना. समुद्राच्या तळाशी मी वीज साठवतो. लोकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, भरलेला गोळा म्हणजे साठा. माझं नेमकं उलटं आहे.

वारा जोरात असला की पवनचक्क्या गरजेपेक्षा जास्त वीज करतात. त्या विजेवर माझा पंप चालतो आणि माझ्यातलं पाणी बाहेर फेकतो. वारा पडला की माझी झडप उघडतात. मग समुद्र जोरात आत शिरतो, चाक फिरवतो आणि वीज किनाऱ्यावर जाते. जितकं खोल, तितका दाब आणि तितकी जास्त वीज. मी प्रयोगापुरता, म्हणून पाणबुड्या पोचेल एवढ्याच खोलीवर. माझ्यामागून येणारे पार खाली जाणार म्हणे. जाऊ देत बापडे.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. मग लोक मला विसरले. खारं पाणी कशालाच सोडत नाही. माझ्या तोंडावरच्या जाळीवर शिंपले बसले, झडप कुरकुरू लागली. शेवटी मला वर काढलं आणि आतून-बाहेरून रंगवायला एक रंगारी आला. तीस वर्षांत टिकलीएवढी जागा कोरी सोडली नाही, हा त्याचा अभिमान. माझ्या आत बोटीवरच्या मीटरला पाण्याची पातळी कळवणारं एक बटण होतं. त्याच्यावरही त्याने दोन हात मारले, अगदी मन लावून.

मला परत खाली सोडलं. सकाळभर पंप चालला, मी पूर्ण रिकामा झालो. बोटीवरचं मीटर मात्र सांगत होतं, भरलेला. साहेबांना वाटलं, काहीतरी अडकलंय, पंप नुसताच फिरतोय. त्यांनी पाणबुड्याला पाठवलं. तो त्या रंगाऱ्याचा जावई; रंगारीही बोटीवरच होता.

त्याने जाळी काढली आणि मला हाताने वाजवून पाहिलं. ती त्याची सवय. त्याचा टोप माझ्या अंगाला टेकला होता, म्हणून टोपातल्या फोनवरचं सगळं मलाही ऐकू आलं.

"साहेब, हा रिकामा वाजतोय."

"मीटर काय खोटं बोलतंय? झडप उघड आणि आत बघ."

त्याने झडपेच्या चाकावर हात ठेवला. माझं उघडं तोंड त्याच्या अगदी समोर होतं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला भीती वाटली, एवढं सांगतो.

तेवढ्यात फोनवर दुसरा आवाज आला. "जावईबापू, हात काढा. आधी काढा. ते बटण मी रंगवलंय."

त्याने हात काढला.

"मामा, हे घरी सांगू नका."

"मीच सांगणार. माझ्या लेकीला माझ्याच तोंडून कळू दे."

आता मला पुन्हा वर काढून ते बटण खरवडतील. मित्रांनो, माझी जाळी घासा, मला रंग द्या, हरकत नाही. पण मीटर एक सांगत असेल आणि मी दुसरं, तर आधी माझं ऐका. आणि स्वतःची चूक आठवली तर लगेच बोलून टाका, मग समोर साहेब असोत की अख्खी बोट. त्या रंगाऱ्याने अब्रू सांभाळायला दोन क्षण घेतले असते, तर पाण्याबरोबर त्याचा जावईही माझ्यात आला असता.