सारवलेलं अंगण

पाहुण्यांसाठी अंगण सारवलं, असं भामा सगळ्यांना सांगत होती. ते खोटं नव्हतं. अख्खं खरंही नव्हतं.

ओवे गावापलीकडच्या डोंगरउतारावरचं तिचं घर. गेल्या पावसाळ्यात अंगणात आडवी भेग पडली, मनगट आत जाईल एवढी. दारही चौकटीत अडकायला लागलं. नवरा काशीराम म्हणाला, "घर जुनं झालं." दुसरं काय म्हणणार? खारघरच्या टॉवरांखाली भराव घालायला याच डोंगराचा पायथा पोखरून मुरुमाचे डंपर त्यानेच भरून दिले होते.

आता मुलाची, हरेशची सोयरीक जुळत आली होती. करंजा गावची मुलगी, आणि उद्या तिची माणसं घर बघायला येणार. घसरत्या डोंगरावर पोटची पोर कोण देईल? भामाने भेगेत मुरूम ठोकला, वरून शेणाचा हात फिरवला आणि सुताराला बोलावून दाराला रंधा मारून घेतला.

नेमकी त्याच सकाळी सरकारी पाहणीवरची रुचिरा आली. दरडी कुठे कोसळू शकतात ते पावसाळ्याआधी बघत उतार पालथा घालत होती. झाडं कुठे कलली, पाणी नवीन कुठे झिरपतंय, सगळं बघून ती घराघरांत चौकशी करत होती.

"मावशी, जमिनीला तडे गेलेत का कुठे? दार नीट लागतं?"

"लावून बघ ना गो बाय. लोणी हाय लोणी."

रुचिराने दार उघडलं, लावलं. मग अंगणाकडे बघितलं. "सारवण ताजं दिसतंय."

"उद्या पावणं हायत पोराचं. तुमच्यात काय धुळीत बसवतात पावण्यांना?"

रुचिरा ओशाळली. खोटं बोलणारी ताठ उभी आणि विचारणारी खजील. आपल्याकडे हे असंच चालतं.

बरोब्बर खालचं घर काळूरामचं. त्याचं दार लाथ घातल्याशिवाय उघडेना. "ताई, डोंगर सरकतोय," तो म्हणाला. "मी नातवंडं लेकीकडं धाडलीत, खाली."

मागे जमलेल्यांतला एक बोलला, "डोंगर नाय रे, संध्याकाळचा तूच सरकतोस." सगळे खिदळले. सगळ्यात मोठ्याने भामा.

रुचिराने वर भामाच्या घराकडे बघितलं. "वरच्या घराला काहीच नाही. म्हणजे तूर्त तरी तुमच्या घराच्या पायातच दोष वाटतो. पण मी पुन्हा येईन. काही दिसलं तर फोन करा." तिने सगळ्यांना नंबर दिला आणि गेली.

भामाला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच.

दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. काळूराम वर आला. खांद्यावर नातू, बोटाला नात.

"वैनी, तुमच्या दारानं जीव भांड्यात पडला. वर तुमाला काय नाय, तर मला कसलं भ्या? आणली पोरं."

नात सारवलेल्या अंगणात धावली आणि नेमकी बुजवलेल्या भेगेवर उड्या मारायला लागली. "च्या घेतोस?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. माणसाची लाज ही अशी हरामखोर असते. ती जीव घेईल, पण तोंड उघडू देणार नाही.

ती मंडळी खाली गेल्यावर भामाने पहार घेतली आणि अंगण फोडायला सुरुवात केली.

हरेश बाहेर आला. "आये, डोकं फिरलं का? उद्या पावणं हायत."

"ठाव हाय मला."

"मग बुजव ते."

"तू बुजव. आणि खाली जाऊन त्या पोरांना सांग, खुशाल झोपा म्हणावं."

मग भामाने हरेशला त्याच्याच मोबाइलवरून रुचिराला फोन लावायला सांगितला.

ऐकून घेतल्यावर रुचिराने विचारलं, "सकाळी का नाही दाखवलंत, मावशी?"

"सोयरीक मोडंल म्हणून."

"मी निघालेय. खालच्या घरातल्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. तुम्हीही निघा."

"हरेशला धाडते सांगायला."

"नाही. तुम्ही जा. तुमच्या शब्दावर ती पोरं परत आलीत."

भामा उतरली. काळूराम पोरांना भात कालवून देत होता. "या वैनी, बसा."

"भेग हाय, काळूराम. माझ्या अंगणातून गेली हाय. मी बुजवलेली. दारालाबी रंधा मारलाय."

त्याचा हात ताटातच राहिला.

"आणि सकाळी तुमी हसत होतात," तो हळूच म्हणाला.

तिला वाटलं होतं, शिवी घालेल. शिवी घातली असती तर उलटं बोलता आलं असतं. आता तोंड कुठे न्यायचं?

"उठ, पोरं घे," ती म्हणाली.

काळूरामने खरकट्या हातानेच नातवाला उचललं. नातीने दोन्ही हात भामाकडे वर केले. भामा खाली वाकली.

"नको," काळूराम म्हणाला. "ती चालंल तिच्या पायांनी."