उतारावरची पावडर

माती वाहू न देणारी पावडर विकायला आलेला पावडरवाला गोडबोल्या होता, आणि गोडबोल्या माणसासमोर त्या शेतकरणीचे कान आपोआप टवकारत. उतारावरच्या शेतात त्याने एका पट्ट्यावर पांढरी पावडर भुरभुरली, शेजारचा पट्टा कोरा ठेवला आणि तुषार सिंचनाचे फवारे सुरू करायला लावले. कोऱ्या पट्ट्यातून थोड्याच वेळात चहासारखं गढूळ पाणी खाली पळू लागलं. पावडरीच्या पट्ट्यात मात्र ते जागीच जिरत होतं.

"बघा वहिनी, मातीचे कण कसे एकमेकांना धरून बसलेत."

"घेऊन टाकू," नवरा म्हणाला. "मागच्या खेपेला गाजराचं पेरलेलं सगळं बी ओढ्यात गेलं. आता एका पेरणीपुरतंच उरलंय."

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती पुटपुटली.

"मुरायलाच हवंय ना, बाई," सासूबाई म्हणाल्या.

तिने कडेवरचं बाळ त्यांच्याकडे दिलं आणि बाळाच्या दोन सारख्या वाट्या दोन पट्ट्यांत ठेवल्या. कोऱ्या पट्ट्यातली वाटी भरून वाहिली. पावडरीकडची अर्धीच राहिली.

"तिकडे पाणीच जास्त पडतंय. मग करामत पावडरीची कशी हो?"

"मी तोट्यांना हातसुद्धा लावला नाही, वहिनी."

चोराच्या उलट्या बोंबा, असं तिच्या मनात आलं. पाणी बंद करून तिने तोट्या काढल्या. पावडरीकडच्या कोऱ्या करकरीत. दुसरीकडच्या झिजून भोकं मोठी झालेल्या. नवरा मान खाजवू लागला.

"नव्या थोड्याच होत्या. म्हटलं, पाहुण्याच्या बाजूला चांगल्या लावू."

"एका लेकराला दूध, दुसऱ्याला ताक," सासूबाई म्हणाल्या, "आणि वर विचारायचं, बाळसं कुणाला जास्त."

पावडरवाल्याची माफी मागावी असं तिला वाटलं, पण संशय अजून पुरता फिटला नव्हता. तिने वरच्या कोरड्या जागेत पुन्हा दोन छोटे पट्टे आखायला लावले, त्याच नव्या तोट्या दोन्हीकडे निम्म्या-निम्म्या वाटून बसवल्या. या वेळी वाट्या सारख्या भरल्या. कोऱ्या पट्ट्यातून गढूळ पाणी निघालंच, पण मघाइतकं नाही. पावडरीची माती टिकली. फक्त खालच्या टोकाला जरासा गाळ सुटला.

"तेवढा सुटणारच," पावडरवाला हळूच म्हणाला. "आणि काही पाण्यांनंतर तिची ताकद उतरते. पुन्हा टाकावी लागते."

"हे सकाळी नाही सांगितलंत."

"सकाळी सांगितलं असतं, तर तुम्ही घेतली असती?"

तिने घरात जाऊन बियाण्याची पिशवी आणली, निम्मं बी नवऱ्याच्या ओंजळीत ओतलं आणि पिशवीचं तोंड पुन्हा आवळून बांधलं.

"आणि हे?" नवऱ्याने पिशवीकडे बघत विचारलं.

"ओंजळीतलं पावडरीच्या मातीत उगवू दे आधी," ती म्हणाली.